कोणत्या तासाला? विद्यापीठ चालवणाऱ्यांना एक खुलं पत्र

माननीय कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि वर्गावर तास घेणारे माझे सहकारी,

स. न. वि. वि.

मी विद्यापीठात शिकवते. विद्यार्थ्यांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्या तपासायच्या आणि त्यांचे आकडे तक्त्यात चढवायचे, हे काम गेली काही वर्षं न मागता माझ्याकडे येतं. मागच्या खेपेला अशाच एका गठ्ठ्यात एक कागद सापडला. ‘कधीकधी मी अगदी निरुपयोगी आहे असं मला वाटतं’ या विधानापुढच्या चार पर्यायांपैकी एकावरही खूण नव्हती. शेजारी समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोणत्या तासाला?’

नियमाप्रमाणे मी ती प्रश्नावली ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला काढली. त्यामुळे अहवालात ती नाही. अहवालाच्या निष्कर्षात एक वाक्य आहे: विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान, जगण्याबद्दलचं त्यांचं समाधान आणि अभ्यासातला त्यांचा सहभाग यांचा एकमेकांशी संबंध आहे. तेवढ्या एका वाक्यावरून दोन परिपत्रकं निघाली. पहिल्याने आत्मविश्वास वाढवणारी दोन दिवसांची शिबिरं सुरू झाली आणि दुसऱ्याने हजेरीची अट आणखी कडक झाली.

हे पत्र कुणा एका विद्यापीठाला उद्देशून नाही. असे अहवाल आणि त्यांच्या मागोमाग येणारी अशी जोडपरिपत्रकं मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत, की बंद पाकिटातून तक्रार पाठवण्यापेक्षा उघड लिहिलेलं बरं असं वाटलं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: अहवाल खोटा नाही, पण तुम्ही तो उलट्या बाजूने वाचलात.

आधी मोजपट्ट्यांबद्दल थोडं सांगते, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या स्वतः कधी भरलेल्या नसतात. आत्मसन्मान मोजायला जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते ती मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची श्रेणी. त्यात दहा विधानं आहेत आणि प्रत्येकापुढे चार पर्याय. पाच विधानं सरळ आणि पाच उलटी, म्हणजे कुणी डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करत गेलं तर लगेच कळावं. मूळ अभ्यास न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांतल्या शेवटच्या दोन इयत्तांमधल्या पाच हजारांहून जास्त मुलांवर झाला होता. समाधानासाठी एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तयार केलेली पाच विधानं असतात, सातच्या पट्टीवर. बेरीज ५ ते ३५ च्या दरम्यान येते. २० म्हणजे धड समाधानी नाही, धड असमाधानीही नाही.

सहभाग मोजायच्या बाबतीत मात्र जाणकारांचं आपापसातही पूर्ण जमलेलं नाही. विल्मार शॉफेली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधल्या विद्यापीठ विद्यार्थ्यांवर काम करताना सहभागाचे तीन धागे धरले: जोम, समर्पण आणि तल्लीनता. दोन वर्षांनी जेनिफर फ्रेड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली: वागण्यातला सहभाग, भावनेतला सहभाग आणि विचारातला सहभाग. मला विचाराल तर आपल्याकडे यासाठी आधीपासूनच एक शब्द आहे. बाहेरगावी शिकायला गेलेल्या मुलाला घरचं माणूस फोनवर विचारतं, ‘मन लागतं का तिथे?’ एवढंच तर मोजायचं असतं. कुणाची मान वर आहे आणि कुणाची सही मस्टरवर आहे, हे त्यात कुठेच येत नाही.

‘आत्मसन्मान’ या शब्दाचीही एक अडचण आहे. प्रश्नावली मराठीत करताना आम्ही त्यावर बराच वेळ घातला. ‘स्वाभिमान’ म्हटलं की ताठ मान आणि झालेला अपमान डोळ्यांपुढे येतो. ‘आत्मविश्वास’ म्हटलं की माइक हातात घेऊन बोलणारा मुलगा दिसतो. न्यूनगंड सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो नसलेल्या साध्या अवस्थेला आपल्याकडे घरगुती नाव नाही. ‘मी आहे तो ठीक आहे’ असं स्वतःशी वाटणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात मोठेपणा नाही, इतरांपेक्षा वरचढ असणंही नाही. रोझेनबर्ग यांनाही हाच अर्थ अपेक्षित होता.

आता संबंधाकडे येऊ. संबंध आहे, त्याबद्दल वाद नाही. एड आणि मारिसा डीनर यांनी १९९५ मध्ये ३१ देशांतल्या ४९ विद्यापीठांमधल्या १३,११८ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आत्मसन्मान आणि जीवनसमाधान यांचा सहसंबंध ०.४७ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे दोन्ही पूर्णपणे सोबत चालतात). मानसशास्त्रात हा आकडा लहान नाही. पण त्या आकड्याला त्यानेच गुणलं की ०.२२ येतो. म्हणजे समाधानात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग आत्मसन्मानाशी जोडता येतो. उरलेला भाग इतरत्र असतो. शिवाय हा संबंध सगळीकडे सारखा घट्ट नव्हता. व्यक्तीला केंद्रस्थानी मानणाऱ्या समाजांत तो जास्त होता, समूहाला धरून जगणाऱ्या समाजांत कमी. दोन वर्षांनी हाँगकाँग आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची तुलना झाली. त्यात दिसलं की समाधानाकडे जाणारी वाट फक्त आत्मसन्मानातून जात नाही. जवळच्या नात्यांमधला मेळ हीसुद्धा वेगळी वाट आहे, आणि हाँगकाँगमध्ये तिचं वजन जास्त होतं. म्हणजे एखादी मुलगी स्वतःबद्दल फारसं बरं बोलणार नाही, पण तिच्या माणसांशी तिचं नीट असेल तर ती समाधानी असू शकते. आमच्या अहवालात नात्यांबद्दल एकही प्रश्न नव्हता.

तरी हा सगळा तपशील बाजूला ठेवू. खरी गफलत होते ती बाणाच्या दिशेत. दोन गोष्टी सोबत दिसल्या की आपण गृहीत धरतो की जी मनात आहे ती आधीची आणि जी बाहेर दिसते ती नंतरची. आधी आत्मसन्मान, मग सहभाग. मग मनात काहीतरी ओतायचं, म्हणजे बाहेर आपोआप उगवेल.

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे. कॅलिफोर्नियात जॉन व्हास्कोन्सेलोस या लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने १९८६ मध्ये आत्मसन्मानावर सरकारी कृतिगट नेमला गेला. १९९० मध्ये त्याचा अहवाल आला. आत्मसन्मान ही जणू एक ‘सामाजिक लस’ आहे, ती टोचली की नापास होण्यापासून गुन्हेगारीपर्यंत अनेक रोग टळतील, अशी ती कल्पना होती. गंमत अशी, की याच कामासाठी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जमवलेल्या पुराव्यांचा खंड वर्षभर आधीच निघाला होता आणि त्यात हे संबंध किती कमजोर आहेत हे छापून आलेलं होतं. तरी शाळाशाळांतून ‘मी खास आहे’चे फलक लागले. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र चाळलं. आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो याला त्यांना आधार मिळाला नाही. उलट, चांगलं काम झालं म्हणून आत्मसन्मान वाढतो, ही दिशा जास्त पटण्यासारखी होती.

आणि २००७ मधला एक प्रयोग तर प्रत्येक शिबिराच्या संयोजकाने वाचावा असा आहे. डोनेल्सन फोरसाइथ आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या वर्गातल्या, पहिल्या परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला सरावाचे प्रश्न पाठवले. काहींना नुसते प्रश्न, काहींना प्रश्नांसोबत ‘तुमचा निकाल तुमच्या हातात आहे’ अशा अर्थाचा मजकूर, आणि काहींना प्रश्नांसोबत आत्मसन्मान उंचावणारा मजकूर. सगळ्यात तळाच्या श्रेणीतले जे विद्यार्थी या शेवटच्या गटात होते, त्यांचे गुण पुढे आणखी घसरले. जबाबदारीच्या मजकुरानेही फार काही साधलं नाही, हेही सांगायला हवं. पण निदान त्याने नुकसान केलं नाही.

असं का होत असेल? माझा अंदाज सांगते. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये आत्मसन्मानाचा एक अपूर्णांक मांडला होता: वर यश, खाली अपेक्षा. हा अपूर्णांक दोन रीतींनी वाढतो. एक तर यश वाढवायचं, नाहीतर अपेक्षा कमी करायची. दुसरी रीत स्वस्त आहे आणि आजच अमलात येते. ‘मला या विषयात रसच नाही’, ‘डिग्रीपुरतं पास झालो की बस’, ‘वर्गात बोलणारे सगळे पुढे पुढे करणारे असतात.’ या प्रत्येक वाक्यासरशी छेद लहान होतो आणि मनाला बरं वाटतं. मागच्या बाकावरच्या ज्या बेफिकिरीला आपण ‘मुलांना कशाचं काही पडलेलंच नाही’ म्हणतो, तिच्यातली बरीच बेफिकिरी ही जपलेली इभ्रत असते. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये माणसाची एक खोड दाखवून दिली: अपयशाची भीती असली की माणूस आपल्या वाटेत स्वतःच अडथळा टाकतो, म्हणजे उद्या हरलो तर दोष अडथळ्याचा. आदल्या रात्री मुद्दाम न केलेला अभ्यास तसाच असतो. ‘वाचलं असतं तर आलं असतं’ ही पळवाट उघडी राहते.

म्हणजे पाहा, सहभाग न घेणं हाच कित्येकांसाठी आत्मसन्मान वाचवण्याचा उपाय असतो. अशा मुलाला शिबिरात नेऊन तू आहेस तसा उत्तम आहेस असं सांगितलं, तर तो उपाय आपण शिक्का मारून मंजूर करतो. आणि तो रोझेनबर्ग यांच्या श्रेणीवर अगदी व्यवस्थित गुण मिळवून जातो. आमच्या गठ्ठ्यात असे कागद होते: आत्मसन्मान भरपूर, सहभाग जेमतेम. सरासरीत ते दिसत नाहीत.

बाणाची उलटी दिशा मला संशोधनातून कळली नाही, ती आधी अंगावर आली. स्वतःबद्दल लिहायचा संकोच आहे, पण इथे त्याशिवाय भागणार नाही.

विद्यार्थिनी असताना पहिली दोन वर्षं माझी हजेरी शंभर टक्के होती. त्या दोन वर्षांत मी वर्गात एकदाही तोंड उघडलं नाही. अभ्यास करत होते, उत्तरं येत होती, पण प्रश्न आला की खाली वहीत बघायचं आणि दुसरं कुणी उत्तर दिलं की ‘हेच आपल्यालाही येत होतं’ असं म्हणून कडवट व्हायचं. तिसऱ्या वर्षी माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आजारी पडली आणि दोन महिने घरी राहिली. रोज संध्याकाळी तिला दिवसभराचा विषय समजावून सांगायची जबाबदारी, कुणी न देता, माझ्यावर आली. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की माझ्या सुबक नोट्समधून मला काहीच समजावता येत नव्हतं. तिने ‘पण का?’ विचारलं की मी गप्प. मग मी तासाला वेगळं ऐकायला लागले. आता हे मला संध्याकाळी कुणालातरी सांगायचं होतं. आणि एके दिवशी हात वर गेला. मी काय म्हणाले ते आठवतंय: ‘सर, तिला हे कळलेलं नाहीये.’ माझा पहिला प्रश्न मी दुसऱ्याच्या नावावर विचारला. सर हसले आणि त्यांनी पुन्हा समजावलं. चार बाकांवरून ‘हां’ असा आवाज आला, म्हणजे त्यांनाही कळलेलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा मी स्वतःच्या नावावर प्रश्न विचारत होते. कुणी मला तू हुशार आहेस असं सांगितलं नव्हतं. कुणाला तरी माझी गरज होती, मी ती भागवली आणि ते मला दिसत होतं, एवढंच घडलं. ती आजारी पडली नसती तर मी शंभर टक्के हजेरी घेऊन मुकाट्याने पदवीधर झाले असते आणि विद्यापीठाच्या नोंदीत आदर्श विद्यार्थिनी ठरले असते, ही गोष्ट मला अजून टोचते.

त्या ‘हां’वर मी पुढे खूप विचार केला. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांचा १९८७ चा एक अभ्यास वाचला तेव्हा त्याचा उलगडा झाला. त्यांनी विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मुद्दाम न समजण्यासारखा एक लेख वाचायला दिला आणि काही अडलं तर येऊन विचारा असं सांगितलं. कुणी गेलं नाही. प्रत्येकाने स्वतःच्या न विचारण्याचं कारण ओशाळेपणा मानलं, पण इतरांच्या न विचारण्याचा अर्थ त्यांना समजलं असणार असा काढला. साठ जणांच्या वर्गात ही शांतता पसरली की शिकवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना कळलं, आणि साठपैकी प्रत्येकाला वाटतं माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं. ज्याचा आत्मसन्मान आधीच डळमळीत आहे त्याला ही शांतता रोज, दर तासाला, पुरावा म्हणून मिळत राहते. आता ‘कोणत्या तासाला?’ हा प्रश्न पुन्हा वाचा. मला तो उद्धटपणा वाटत नाही. दहाही विधानांपुढे मुकाट खुणा करणाऱ्यांपेक्षा त्या विद्यार्थ्याने प्रश्न जास्त गांभीर्याने घेतला होता. निरुपयोगी वाटणं हा स्वभाव नव्हता, ते वेळापत्रकाप्रमाणे बदलत होतं.

वेळापत्रक आपल्या हातात आहे.

मेरी बड रो यांनी शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून १९७० च्या दशकात एक फार साधी गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? सरासरी एक सेकंद. तेवढ्यात कुणी बोललं नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देतो. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, न विचारता बोलणारी मुलं वाढतात आणि मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात. मी विद्यापीठाच्या वर्गात हे करून पाहिलं. तीन सेकंद फार लांब असतात हो. घशाशी आवंढा येतो. पहिल्या दिवशी मी दोनदाच टिकले. पण जी मुलं मनात वाक्य जुळवून, तपासून मग बोलतात, त्यांना एका सेकंदात आपण रोज बाद करत असतो आणि नंतर त्यांनाच आत्मविश्वासाच्या शिबिराला पाठवतो.

हजेरीबद्दल मी थोडंच बोलते. वर्गात येणाऱ्यांचे गुण साधारणपणे बरे असतात, हे मलाही मान्य आहे. पण सक्तीने आणून बसवलेल्या शरीराला सहभाग म्हणायचं असेल तर बाकांचाही सहभाग मोजावा लागेल.

गुणांबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी पदव्युत्तर प्रवेशाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान त्या काळात पुन्हापुन्हा मोजला. होकार आला त्या दिवशी तो वर जायचा, नकार आला की खाली यायचा. आणि ज्यांनी आपली सगळी किंमत अभ्यासातल्या यशावर टांगलेली होती, त्यांचे हेलकावे जास्त मोठे होते. आपली व्यवस्था नेमकी हीच टांगणी पक्की करत असते. उत्तरपत्रिकेवर लाल आकडा दिला की विद्यार्थी आकडा वाचतो, पान मिटतो आणि शेजाऱ्याचा आकडा बघतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर हे तपासलं होतं. नुसता शेरा मिळालेल्यांचा रस टिकला आणि कामही सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं वागणं नुसते गुण मिळालेल्यांसारखंच राहिलं, शेरा लिहिण्याची मेहनत वाया गेली. गुणच देऊ नका असं मी म्हणत नाही, तेवढं धाडस माझ्यात नाही. पण पहिला कच्चा खर्डा तरी शेऱ्यावर परत करता येतो. त्या शेऱ्यात ‘छान प्रयत्न’ लिहू नये. ‘तुझा दुसरा मुद्दा पहिल्याला खोडतो, पुन्हा बघ’ असं लिहावं. माझ्या अनुभवात या वाक्याने कुणी दुखावत नाही. आपलं लिहिलेलं कुणीतरी खरोखर वाचलं, हे त्यातून त्याला कळतं.

जीवनसमाधानाचा मुद्दा मी मागे ठेवला, कारण तिथे आपले हात सगळ्यात आखूड आहेत आणि आपलं बोलणं सगळ्यात लांब. विद्यार्थ्याचं समाधान पैशावर, झोपेवर, घरातल्या आजारपणावर, खोलीवर एकटं असण्या-नसण्यावर अवलंबून असतं. त्यातलं थोडंच वर्गाच्या दारातून आत येतं. शिवाय समाधान आणि सहभाग नेहमी हातात हात घालून चालतात हेही खरं नाही. प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यातली विद्यार्थिनी डीनर यांच्या पट्टीवर १५ दाखवेल आणि तल्लीनतेत सगळ्यांच्या पुढे असेल. उलट ज्याला काहीच पणाला लावायचं नाही तो आरामात ३० गाठेल. म्हणून समाधानाचा आकडा वाढला एवढ्यावर कुणी पाठ थोपटून घेऊ नये.

तरी एक गोष्ट आपल्याला करता येते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभराचं काम दिलं. इथे आपण उपरे आहोत असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि ते हळूहळू निवळतं, हे वरच्या वर्गातल्यांच्या अनुभवांतून त्यांनी वाचायचं आणि मग पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलांसाठी स्वतःच्या शब्दांत ते मांडायचं. त्या विद्यापीठात अल्पसंख्य असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं वाढत गेले आणि बहुसंख्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. तू मोठा आहेस असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना मदत मागणाऱ्यांच्या रांगेतून उठवून मदत करणाऱ्यांच्या खुर्चीत बसवलं होतं. आजारी मैत्रिणीने माझ्यासाठी नकळत केलं ते हेच.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि या पत्राचा रोख ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी पुढचा भाग महत्त्वाचा आहे. तोच प्रयोग पुढे २२ संस्थांमधल्या सव्वीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर झाला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले. उपयोग झाला, पण सगळीकडे नाही. ज्या संस्थेत त्या विद्यार्थ्याच्या गटाला खरोखर सामावून घेतलं जात होतं तिथेच तो दिसला. जमीनच खडकाळ असेल तर बियाण्याला दोष देऊन काय उपयोग.

‘आमचे वर्ग सव्वाशेचे आहेत, हे सगळं कसं जमणार?’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. माझाही वर्ग मोठा आहे. तीन सेकंदांना पैसे पडत नाहीत. तासाच्या अर्ध्यावर थांबून ‘शेजाऱ्याला हे दोन मिनिटांत समजावा आणि जिथे अडाल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहा’ असं सांगायला वेगळी इमारत लागत नाही. चिठ्ठीवर नाव नको. मी चिठ्ठ्या वाचून दाखवते, आणि एकच प्रश्न अकरा जणांनी लिहिला आहे हे कळतं तेव्हा वर्गात जी चुळबुळ होते, ती मला कोणत्याही शिबिरातल्या टाळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. मोठ्या वर्गात जे जमत नाही ते म्हणजे प्रत्येक खर्ड्यावर शेरा. तिथे माणसं लागतात. शिबिरांचा खर्च तिकडे वळवा, मी जाहीरपणे आभार मानेन.

आणखी एक मागणं आहे, ते जरा अवघड आहे. अभ्यासमंडळावर, ग्रंथालय समितीवर, वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधी असतात. त्यांना चहाच्या वेळी बोलावलं जातं आणि ठराव मंजूर झाल्यावर सही घेतली जाते. एखाद्या वर्षी त्यांच्या सूचनेने एक तरी गोष्ट खरोखर बदलू द्या. परीक्षेच्या दोन पेपरांमधलं अंतर असेल, वाचनालय बंद व्हायची वेळ असेल. आणि बदल कुणाच्या म्हणण्यामुळे झाला ते सूचनाफलकावर लिहा. सूचना चुकीची वाटली तर नाकारा, पण का नाकारली ते तिथेच लिहा. आपल्या बोलण्याने काही हलत नाही हे माणूस फार लवकर शिकतो. ते शिकवण्यात आपण वाकबगार आहोत.

शेवटी प्रश्नावलीबद्दल. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. तक्ते मीच करते आणि मला ते काम आवडतं. पण पुढची प्रत छापायला जाण्याआधी आपण सगळ्यांनी एकदा बंद दाराआड ती भरून पाहावी. ‘या आठवड्यात वर्गात तुम्ही कुणाच्या उपयोगी पडलात का?’ असा एक प्रश्न त्यात घालावा. आणि छापखान्याला सांगून उजवीकडचा समास थोडा रुंद करून घ्यावा. मागच्या वेळी त्या विद्यार्थ्याला दोन शब्दांपुरती जागाही नव्हती, शेवटचं अक्षर पुढच्या विधानावर चढलं होतं.

कळावे,
आपली,
तक्ते भरणारी एक प्राध्यापिका